शोकग्रस्त रुग्ण : औषधापलीकडील कर्तव्य

आप्तवियोगानंतर झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, वारंवार रडू कोसळणे हा रोग नव्हे. तो स्नेहाचाच भाग होय. मात्र असा रुग्ण आपल्याकडे शोकाची तक्रार घेऊन क्वचितच येतो. तो निद्रानाश, अम्लपित्त किंवा अतिसार सांगतो. चरकाचार्यांनी शोकज अतिसार स्वतंत्रपणे वर्णिला आहे, हे आपणांस विदित आहेच. म्हणून ‘घरात अलीकडे कोणी गेले काय?’ हा प्रश्न प्रश्नपरीक्षेत अवश्य असावा.

दिवसकार्ये आटोपून पाहुणे परतल्यावर पोकळी अधिक जाणवते. तथापि बहुतेकांचा शोक कालांतराने सौम्य होतो. काहींचा होत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात अशा दीर्घकालीन शोकविकाराची स्वतंत्र नोंद आहे. मृताची तीव्र ओढ व वेदना किमान सहा महिने, समाजरीतीच्या अपेक्षेहूनही अधिक काळ टिकणे आणि त्यामुळे नित्य व्यवहार खोळंबणे, हे त्याचे स्वरूप होय.

काही लक्षणांत मात्र सहा महिने थांबणे घातक ठरेल : ‘मलाही त्यांच्याकडे जायचे आहे’ अशी भाषा, अन्नपाणी सोडणे, मद्यपान वाढणे. अशा वेळी ‘जीव द्यावा असे मनात येते काय?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. उत्तर होकारार्थी असल्यास रुग्णास एकटे सोडू नये. नातलगांस बोलावून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

औषधालयचालकांचे स्थानही महत्त्वाचे आहे. तोच ग्राहक महिनोन्‌महिने सारस्वतारिष्टाची बाटली नेत असेल, तर ते प्रथम त्यांच्याच ध्यानी येते. बाटली देताना दोन शब्द विचारावेत आणि त्यास वैद्याकडे पाठवावे.

सत्त्वावजय ही आपलीच चिकित्सा आहे; परंतु तिची मर्यादा ओळखणे हेही वैद्यकर्मच होय. ‘टेलि-मानस’ ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, तसेच ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये यांचाही आधार घेता येतो. तेथे सुरू झालेली औषधे आपण परस्पर बंद करू नयेत.

केवळ क्रमांक लिहून दिल्याने कार्य संपत नाही. शोकग्रस्ताच्या अंगी दूरध्वनी उचलण्याचेही बळ नसते. त्याच्या संमतीने तो आपल्या चिकित्सालयातूनच लावून द्यावा आणि पुढील भेटीचा दिवस ठरवूनच त्यास निरोप द्यावा.