नर्तकीचा वेष आणि नगराचा पोषाख

श्रोतेहो, नाटकाचा पडदा पडला म्हणजे पात्रांचे वेष पेटाऱ्यात जातात आणि प्रेक्षक आपापल्या घरी परततात, अशी आपली साधी समजूत असते. परंतु क्वचित असेही घडते की, पेटाऱ्यात जावयाचा वेष प्रेक्षकांच्या पाठोपाठ थेट रस्त्यावर येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस नगरीत असा एक प्रसंग घडला, आणि पुढे ज्यास 'जाझ युग' म्हणू लागले त्या काळातील स्त्रियांच्या पोषाखाची पूर्वतयारी बरीचशी त्यातून झाली. ती कशी, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रथम त्या काळची युरोपीय स्त्री डोळ्यांपुढे आणावी. तिच्या अंगात कॉर्सेट असे. कॉर्सेट म्हणजे व्हेलच्या जबड्यातील लवचीक पट्ट्या अथवा पोलादी पट्ट्या घालून शिवलेली, नाड्यांनी करकचून आवळावयाची अंगी. कंबर बारीक दिसावी एवढ्यासाठी ही यातना. बॅलेतील नर्तकीही तशाच ताठ चोळीत आणि फुगीर झग्यात नाचत असे; मग कथा ग्रीसची असो वा मिसरची.

१९०९ साली सर्गेई दियागिलेव्ह या रशियन गृहस्थाने आपल्या देशातील उत्तमोत्तम नर्तक पॅरिसला आणले. त्याच्या मंडळीचे नृत्ययोजक मिखाईल फोकिन यांचे म्हणणे असे की, नृत्य हे साऱ्या देहाने करावयाचे आहे. केवळ पायांच्या कसरतीला नृत्य म्हणू नये. देह वळावयाचा तर तो बांधलेला असून कसा चालेल? येथे चित्रकार लिऑन बाक्स्ट यांचे साहाय्य झाले. १९१० साली पॅरिसच्या ऑपेरागृहात 'शेहेराझाद' हे नृत्यनाट्य झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ज्या सुरस अरबी गोष्टी मराठीत आणल्या, त्यांच्या प्रारंभी असलेली शहारियार राजाच्या अंतःपुराची कथा यात होती. बाक्स्टने नर्तिकांना घोळदार विजारी, सैल झगे आणि मोत्यांच्या माळा दिल्या. कॉर्सेटला रजा दिली. निळ्याशेजारी हिरवा आणि त्याखाली तांबडा, असे भडक रंग त्याने निर्भयपणे एकत्र आणले. फिक्या रंगांस सरावलेले पॅरिसकर थक्क झाले. लवकरच अशा रंगांच्या उशा, पडदे आणि झगे श्रीमंतांच्या घरोघरी दिसू लागले. १९१२ च्या सुमारास तर झान पाकँ या विख्यात वेषनिर्मातीने बाक्स्टच्या आराखड्यांवरून नित्य वापराचे पोषाख शिवून विकले.

मात्र सारे श्रेय बाक्स्टला देणे न्यायाचे होणार नाही. पॉल प्वारे नावाच्या शिंप्याने रशियन मंडळी येण्यापूर्वीच आपल्या झग्यांखालचे कॉर्सेट काढून टाकले होते, आणि बाक्स्टचे ऋण तो कधीच मान्य करीत नसे. त्याच्या आत्मचरित्रातील एक हकीकत आपणांस विशेष रुचेल. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात त्याने हिंदुस्थानातील पागोट्यांचा संग्रह पाहिला आणि तो मोहून गेला. त्याने आपल्या कारखान्यातील मुख्य कारागीर बाईस पॅरिसहून बोलावून घेतले व त्या पागोट्यांचे बांध हुबेहूब उतरवून घ्यावयास बसविले. लवकरच पॅरिसच्या स्त्रियांच्या मस्तकी पागोटी चढली! तात्पर्य, पूर्वेकडील वस्त्रांची ओढ हवेतच होती. रंगभूमीने तिला रूप, रंग आणि गती दिली. ही पूर्व अर्थातच पुष्कळशी कल्पनेतली होती. १९१२ च्या 'निळा देव' या हिंदू कथानकावरील नृत्यनाट्यातले बाक्स्टचे वेष पाहून ते आपल्या कोणत्या प्रांताचे, हे आपल्यापैकी कोणास सांगता येणार नाही.

शिवाय हे स्वातंत्र्यही अर्धेमुर्धे होते. ज्या प्वारेने कंबर सोडविली, त्यानेच १९१० च्या सुमारास घोट्यापाशी इतका अरुंद झगा काढला की, तो नेसलेल्या बाईस पाऊलही नीट टाकता येईना. आपण वक्षःस्थळ मोकळे केले पण पाय जखडले, अशी कबुली त्याने स्वतःच दिली आहे.

पुढे १९१४ चे महायुद्ध आले. स्त्रिया कारखान्यांत, रुग्णालयांत, कचेऱ्यांत काम करू लागल्या. युद्ध संपल्यावर अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचे जाझ संगीत युरोपभर घुमू लागले. १९२३ पासून चार्ल्स्टन नृत्याची लाट उसळली. गुडघे वळवून पाय झटकावयाचे ते नृत्य लांब झग्यात होणार कसे? पूर्वी रंगमंचावरील नर्तकीची जी गरज होती, ती आता घरच्या मुलीची गरज झाली. झगा सरळ, सैल आणि आखूड होत १९२६-२७ च्या सुमारास गुडघ्यापर्यंत आला.

आता प्रवाह उलटा वाहू लागला. १९२४ च्या जून महिन्यात दियागिलेव्हने 'निळी आगगाडी' हे नृत्यनाट्य सादर केले. समुद्रकिनारी हवा खाण्यास गेलेल्या धनिकांचा त्यात विनोद होता. कथा ज्याँ कॉक्तो यांची, नृत्ययोजना ब्रोनिस्लावा निजिन्स्का या बाईंची आणि वेष कोको शानेल यांचे. शानेलबाईंनी नाटकी वेष शिवलेच नाहीत. आपल्या दुकानात शोभतील असे विणीच्या कापडाचे पोहण्याचे व टेनिसचे पोषाख त्यांनी नर्तकांच्या अंगावर चढविले. टेनिसपटू नायिका तर सुझान लांग्लेन या प्रसिद्ध खेळाडूचीच प्रतिमा होती. रस्ता रंगमंचावर आला तो असा!

चित्रकर्त्री सोनिया दलोने यांनी १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या 'क्लिओपात्रा'च्या नव्या प्रयोगासाठी रंगीत वर्तुळांचा वेष केला. पुढे तशाच भौमितिक आकृतींची वस्त्रे त्या विकू लागल्या आणि १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे दुकान मांडले गेले.

मग या साऱ्यातून शिकावयाचे काय? वेषाने वेषाची नक्कल केली, एवढ्याने गोष्ट संपत नाही. रंग आणि पागोटी दोन-चार वर्षांत जुनी झाली. टिकले ते एकच तत्त्व: वस्त्राने देहाच्या हालचालीस अनुसरावे, देहाने वस्त्रास नव्हे. जाझ युगातील मुलीही या कसोटीस सर्वस्वी उतरल्या नाहीत; सपाट दिसण्याच्या हौसेपायी त्यांनी छातीस पट्ट्या आवळल्या. जुना काच जातो आणि नवा मागल्या दाराने येतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दियागिलेव्ह १९२९ साली वारला आणि मंडळी मोडली. त्या वेषांपैकी पुष्कळ आज लंडन व कॅनबेरा येथील संग्रहालयांत जपलेले आहेत. त्यांच्या आतल्या बाजूस घामाचे डाग आहेत, कोठे रंगभूषेचे ओघळ आहेत, कोठे नर्तकाचे नाव शाईने लिहिलेले आहे. बाहेरचा जरतार किती फिका पडला, हे पाहावयास प्रेक्षक येतात. मला मात्र आतले डाग अधिक बोलके वाटतात. कारण त्या वस्त्रात एक जिवंत देह मोकळेपणी नाचला होता, याची साक्ष तेच देतात.