भाऊंचा खांदा



या पानावर बहुतेक वेळा फादर, सिस्टर, मोठ्या संस्था चालवणारे अशांच्या आठवणी छापून येतात. त्या याव्यातच. आज मी मात्र अशा माणसाबद्दल लिहितोय की ज्याच्या नावाची पाटी कुठंही लागणार नाही. ते आपल्या चर्चचे नव्हते. नॅरोगेज रेल्वेत चाबीवाले होते. यंदाच्या श्रावणात वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी रामाकोन्यात वारले. सारं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही भाऊच म्हणायचो, म्हणून इथंही तेच लिहितो. पूर्ण नाव छापलं असतं तर त्यांनी नक्की म्हटलं असतं, ‘‘पेपरात नाव कायले जी मास्तर? त्यानं का पेन्शन वाढते?’’

आमची ओळख झाली ती एका हरवलेल्या वस्तूमुळे. मी तेव्हा पंचविशीत होतो, भाऊ पस्तिशीत. लाईनवरच्या एका गावी पॅरिशच्या शाळेत मी शिकवायचो. सोमवारी सकाळी छोट्या गाडीनं जायचं, शनिवारी परत यायचं. तरुण वाचकांना ती गाडी ठाऊक नसेल. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. नागपूरच्या इतवारीहून निघालेली गाडी सावनेर, सौंसर, रामाकोना करत भीमालगोंदीचा घाट चढून छिंदवाड्याला पोचायची. घाटात ती इतकी हळू चाले की पोरं उतरून सीताफळं तोडत आणि पळत येऊन पुन्हा चढत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

एका सोमवारी खिडकीशी जपमाळ करता करता मला डुलकी लागली आणि माळ हातातून निसटून बाहेर पडली. आईनं दिलेली माळ होती. आठवडाभर मन लागलं नाही. शनिवारी घरी येऊन पाय धुतो न धुतो तोच दारात खाकी कपड्यातला एक माणूस उभा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, दुसऱ्या हातात माझी माळ.

‘‘मास्तर, हे माळ तुमची का?’’

‘‘हो, माझीच. पण तुम्हाला कसं कळलं?’’

त्यांनी स्वतःच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला बोट लावलं. ‘‘गावात माळवाले लय हायेत. पन क्रूस लावलेली माळ तीन-चार घरीच असन. दोन घरी इचारून आलो, हे तिसरं.’’

माळेचा एक दुवा तुटला होता. तो त्यांनी तांब्याच्या बारीक तारेनं जोडून आणला होता. ती तार अजून तशीच आहे.

चाबीवाल्याचं काम म्हणजे रोज पायी आपल्या हद्दीतला रूळ तपासणं, ढिल्या झालेल्या चाब्या हातोड्यानं ठोकणं, नट आवळणं. ऊन असो की पाऊस, नजर खाली. त्यामुळे गाडीतून जे जे पडे ते भाऊंना सापडे. चप्पल, छत्री, पोराचं खेळणं, कुणाची किल्ली. सापडलेली वस्तू ते घरी एका पत्र्याच्या पेटीत ठेवत आणि सुट्टीच्या दिवशी मालक शोधायला निघत. एका चपलेसाठी ते एकदा सौंसरपर्यंत जाऊन आले होते. बायको म्हणाली, ‘‘एका चपलेले कोन इचारते?’’ भाऊ म्हणाले, ‘‘दुसरी त्याच्यापाशी हाय न. थो बिचारा वाट पाहत असन.’’

ते संत होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. खर्रा त्यांना मरेपर्यंत सुटला नाही. पत्ते खेळताना हमखास चोरी करत आणि पकडले गेले की उलट आमच्यावरच रागवत. तीच गोष्ट तीनदा सांगत. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे रेल्वेचे कागद घेऊन माझ्याकडे येत. त्याबदल्यात माझ्या छपराची कौलं दर उन्हाळ्यात स्वतः शेकारून देत. मी मजुरीचं नाव काढलं की म्हणत, ‘‘तुमी कागद वाचाचे पैसे घेता का?’’

त्यांचा एक आवडता विनोद होता. ‘‘मास्तर, म्या गाव सोडलं नाही, पन लय मुलूख पाहिला.’’ जन्मले ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. 1950 साली त्याचं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला आणि आपण इकडेच राहिलो. घरात मराठी, शाळेत हिंदी. छिंदवाडा जिल्ह्यात सारा जन्म काढला आणि 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला तसे म्हातारपणी पांढुर्ण्याचे झाले. ‘‘आपन हाललो नाही, पाटी हालली,’’ असं म्हणून स्वतःच मोठ्यानं हसायचे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार होते. एकीकडे पांढुर्णा, दुसरीकडे सावरगाव, मध्ये पळसाचं झाड आणि झेंडा. दरवर्षी कितीतरी डोकी फुटतात. त्या दिवशी भाऊ सकाळीच मोहल्ल्यातली दहा-बारा पोरं गोळा करून कन्हान नदीवर मासे धरायला नेत. स्वतः माळकरी, मासा खात नसत, पण दिवसभर काठावर बसून राहत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘‘हे इथं असले म्हणजे तिथं नसतीन, बस.’’

रिटायर झाल्यावर त्यांनी थोडी संत्र्याची झाडं सांभाळली. नाताळच्या आदल्या दिवशी आंबिया बहाराच्या संत्र्यांची टोपली आमच्या ओट्यावर यायची. गारपिटीनं बाग झोडपली त्या वर्षीही आली. फळं लहान होती, डागाळलेली होती. वर एक चिठ्ठी होती, नातवाच्या अक्षरात : ‘दिसाले खराब हायेत, गोड हायेत.’

आता ज्याच्यासाठी हे सारं लिहायला बसलो, ते सांगतो.

2009 च्या पावसाळ्यात माझी पत्नी वारली. सकाळपासून पावसानं धार धरलेली. आमची ख्रिस्ती घरं मोजकी, त्यातले तरुण कामाला नागपूर-भोपाळकडे. पेटी खांद्यावर घ्यायला माणसं कुठून आणायची या विचारात मी ओसरीत बसलो होतो. तेवढ्यात भाऊ आले. मागे त्यांच्या गँगमधले चार निवृत्त सोबती आणि एक मोठी ताडपत्री. त्यांनी मला काही विचारलं नाही. तुमच्यात कुणी उचलायचं, कुणी नाही, आमच्या हातानं चालते का, असलं काहीच नाही. भाऊ फक्त म्हणाले, ‘‘चला.’’ ज्यांनी जन्मभर खांद्यावर रूळ वाहिले त्यांना खांदा कसा बदलायचा हे शिकवावं लागत नाही. चिखलातून पेटी जराही न हिंदकळता कब्रस्तानात पोचली. खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं होतं. एकोणसत्तर वर्षांचा हा माणूस धोतर खोचून आत उतरला आणि बादलीनं पाणी उपसू लागला. फादर वाट पाहत छत्रीखाली उभे होते.

विधी संपताना आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं एक भजन म्हटलं. टिळक प्रोटेस्टंट, पण त्यांची भजनं आम्हा कॅथलिकांच्याही तोंडी आहेत. ख्रिस्ती झाल्यावरही या माणसानं आपल्या अभंगाची चाल सोडली नव्हती. दुसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आलं की भाऊ आणि त्यांचे सोबती मागून पालुपद धरताहेत. परतताना म्हणाले, ‘‘मास्तर, हे तं आपलंच हाय जी.’’

2015 च्या अखेरीस छोटी लाईन बंद झाली. मोठ्या लाईनसाठी जुने रूळ उखडले. त्या दिवसांत एका संध्याकाळी आम्ही उखडलेल्या लाईनकडे पाहत बसलो होतो. भाऊ एकदम म्हणाले, ‘‘मास्तर, माह्या मौतीत थे बाईच्या वेळचं भजन म्हनसान का?’’

मी म्हटलं, ‘‘बघू. फादरना विचारतो.’’

मी विचारलं नाही. खरं कारण लाजिरवाणं आहे. त्यांच्या घरचे काय म्हणतील, आपल्यातले काय म्हणतील, दिवस कसे आहेत, दुसऱ्याच्या मयतीत ख्रिस्ती भजन म्हटलं तर कुणी त्याचा भलताच अर्थ काढला तर. असे सगळे हिशेब मी करत राहिलो. भाऊंनी पुढं आणखी दोनदा आठवण दिली. मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. चाळीस वर्षं वर्गात उभा राहून मुलांना चांगल्या शेजाऱ्याची गोष्ट सांगितली आणि माझ्या शेजाऱ्याच्या एका साध्या प्रश्नाला हो म्हणायला मला धीर झाला नाही.

श्रावणात मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे नागपूरला होतो. डोळ्यावर पट्टी असताना फोन आला. त्याच संध्याकाळी कन्हानच्या काठी त्यांना अग्नी दिला. ज्यानं माझ्या घरच्या माणसाला खांदा दिला त्याला खांदा द्यायला मी नव्हतो. डॉक्टरांनी सोडलं तेव्हा तेरवीला एक दिवस उरला होता.

तेरवीला अंगणात भजनी मंडळ बसलं होतं. भाऊ तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला नेमानं बसायचे, तेव्हा खंजिरीही होती. मी त्यांच्या मुलाला बाजूला घेतलं आणि चाचरत म्हटलं, ‘‘तुझ्या बाबांनी मला एक भजन म्हणायला सांगितलं होतं. आमचं आहे. चालेल का?’’ त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. ‘‘इचारता काय मास्तर? म्हना न जी. बाबा तं केव्हापासून सांगत होते.’’

म्हणजे घरच्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं फक्त मीच अडून बसलो होतो.

मी उभा राहून म्हटलं. आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. तिसऱ्या कडव्याला शब्दच आठवेनात. टाळ, खंजिरी थांबली नाही. आणि त्या चार सोबत्यांपैकी आता एकच हयात आहेत, त्यांनी खाली बसल्या बसल्या पालुपद उचललं. एका पावसाळी दुपारी ऐकलेलं, तेही इतक्या वर्षांपूर्वी. मग मला पुढचं आठवलं.

त्यानंतर मी फादरकडे गेलो. म्हटलं, ‘‘माझे एक मित्र वारले. ते आपल्यातले नव्हते. त्यांच्यासाठी मिस्सा ठेवता येईल का?’’ फादर म्हणाले, ‘‘का नाही? 1983 च्या कॅनन लॉमध्ये कलम 901 आहे. धर्मगुरूला जिवंत किंवा मृत, कुणासाठीही मिस्सा अर्पण करता येते. कोणती तारीख लिहू?’’ मी त्यांना भजनाचंही सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मास्तर, त्यात विचारायचं काय होतं?’’ दहा वर्षं टाळलेल्या प्रश्नाला अर्धा मिनिटही लागलं नाही.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो. भाऊंची कबर नाही, त्यांची राख कन्हानमध्ये गेली. यंदा पत्नीच्या कबरीवर मी दोन मेणबत्त्या लावल्या. एका बाईनं विचारलं, दुसरी कुणाची? मी सांगितलं, हा खड्डा ज्यानं कोरडा केला त्याची.

वाचकहो, तुमच्याही शेजारी असं कुणी म्हातारं माणूस असेल आणि त्यानं तुम्हाला काही साधंसं मागितलं असेल, तर ‘बघू’ म्हणू नका. एवढंच सांगायचं होतं.

आणि एक काम आहे. निघताना मुलानं ती पत्र्याची पेटी माझ्या हातात दिली. ‘‘बाबानं म्हटलं होतं, मास्तरले द्या, थे मालक शोधतीन.’’ छोटी लाईन बंद होईपर्यंत जी माणसं सापडली नाहीत त्यांच्या वस्तू तिच्यात आहेत. लहान मुलीचा चांदीचा एक वाळा. काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी किल्ली. एका काचेला तडा गेलेला चष्मा. बासरी. लाकडी बैल, तान्ह्या पोळ्याचा, एक चाक नसलेला. आणि डाव्या पायाची निळ्या पट्ट्याची एक चप्पल.

यातलं काही तुमचं किंवा तुमच्या घरच्यांचं असेल, तर रामाकोन्याला या. स्टेशनवर उतरून कुणालाही मास्तरचं घर विचारा. मी रोज संध्याकाळी ओट्यावर असतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, रामाकोना