*दारातला आंबा: तोडायचा की छाटायचा?*



परतीचा पाऊस सरत आलाय. भात कापणीची घाई आहे, ठाऊक आहे. तरी पाच मिनिटं काढून वाचा. कारण हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरचंच आहे, आणि ही वेळ निघून गेली की पुढचा पावसाळा पुन्हा जीव मुठीत धरून काढायचा.

मागच्या आठवड्यात पोलादपूर बाजूच्या एका सभासद ताईंचा फोन आला. घरामागे सासऱ्यांच्या वेळचा रायवळ आंबा, फांद्या थेट पत्र्यावर. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात एक फांदी पडवीवर आली होती. तेव्हापासून वारा सुटला की पोरांना पुढच्या खोलीत झोपवतात. म्हणाल्या, झाड तोडायला माणूस सांगितलाय, पण मन धजत नाही. त्याच झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं दरवर्षी मुंबईला जातं.

त्यांना जे सांगितलं तेच सगळ्यांसाठी लिहितो.

पहिली गोष्ट, आंबा 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतलं झाड आहे. स्वतःच्या जागेत असला तरी अख्खं झाड पाडायला परवानगी लागते. आधी तलाठ्यांकडे नाहीतर वन खात्यात चौकशी करा. पण बहुतेक वेळा पाडायची गरजच नसते. धोका दोन-तीन फांद्यांचा असतो, झाडाचा नाही.

*भर पावसात करवत लावू नका.* ही चूक मी स्वतः केलीय. श्रावणात चार दिवस ऊन पडलं, म्हणून आमच्या गोठ्यावरची फांदी कोयत्याने उडवली. वीतभर खुंट तसाच राहिला. त्यात पाणी मुरलं, बुरशी धरली, आणि कूज आतून खोडाकडे सरकली. दोन वर्षांनी शेजारची चांगली फांदी त्याच जागेवरून मोडून गोठ्याच्या कौलांवर आली. गुरं बाहेर चरायला होती म्हणून वाचली.

हे फक्त आंब्याचं नाही. इंग्लंडसारख्या ओल्या मुलखात चेरीची झाडंही हिवाळ्यात छाटत नाहीत, उन्हाळ्यात कोरडी हवा बघून छाटतात. कारण तेच, ओल्या जखमेतून रोग आत शिरतो. (चेरीवरून आठवलं: गाडीवर ‘चेरीचं रोप’ म्हणून काही मिळालं तर जरा जपून. काश्मीर-हिमाचलातल्या चेरीला कित्येक आठवडे कडक थंडी लागते. ती महाडला मिळायची नाही.) आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. म्हणजे जखम पावसाळ्याआधी भरून यायला हवी. आत्ता छाटलं तर झाडाला कोरडे सहा-सात महिने मिळतात.

छाटलेल्या फांद्यांवरचा यंदाचा मोहर जाईल, हे मान्य करूनच सुरुवात करा. एका वर्षात पाव हिश्श्यापेक्षा जास्त झाड काढू नका. आधी छपरावरची फांदी, मग वाळलेल्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या. मधली एखादी सरळ वर गेलेली फांदी काढली की आत ऊन-वारा खेळतो. उरलेलं पुढच्या वर्षी.

जाड फांदी एका दमात तोडली की ती पडताना खोडाची साल सोलत नेते. म्हणून तीन घाव. खोडापासून हातभर लांब, *खालून* तिसरा हिस्सा कापा. त्याच्या चार बोटं पुढे *वरून* कापा, फांदी सुटून पडेल. मग उरलेला खुंट काढा. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं दिसतं, त्याच्या लगेच बाहेर कापायचं. कडं कापू नका, कारण जखम तिथूनच भरते. खुंटही ठेवू नका. छपरावरची फांदी दोराने वर बांधून तुकड्या-तुकड्याने उतरवा.

त्याच दिवशी *बोर्डोपेस्ट* लावा. घरच्या झाडाला एक लिटर पुरतं: 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये. दोन्ही प्लॅस्टिकच्या डब्यांत. लोखंडाचं किंवा पत्र्याचं भांडं नको. चुना निवला की दोन्ही एकत्र ओतून ढवळा. स्वच्छ विळ्याचं पातं त्यात बुडवून बघा. तांबूस डाग आला तर अजून थोडा चुना घाला. लगेच वापरा, उरवून ठेवू नका. पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा एक हात द्या.

बांडगूळ दिसलं तर नुसती पानं ओरबाडून उपयोग नाही, मुळं फांदीच्या आत असतात. चिकटलेल्या जागेच्या हातभर मागून फांदीसकट कापा. पक्षी बी पसरवतात, त्यामुळे शेजाऱ्यालाही सांगा.

खोडावर भोक आणि खाली भुसा पडलेला दिसला तर खोडकिडा समजा. तारेचा आकडा घालून अळी बाहेर ओढा आणि भोक चिखलाने लिंपा. औषध कुठलं, किती, ते आधी फोटो पाठवून विचारा. दुकानदार देईल ते ओतू नका. तोडलेली लाकडं झाडाच्या बुंध्याशी रचून ठेवू नका.

फांद्या काढल्यावर खोडाला ऊन लागतं, चुना फासा. पुढे कापाजवळ खूप फूट येईल. त्यातली बाहेरच्या बाजूला जाणारी चार-पाच जोमदार ठेवा, बाकी कोवळी असतानाच खुडा.

आणि विजेच्या तारेजवळची फांदी *स्वतः तोडू नका*. महावितरणच्या वायरमनला सांगा, लाईन बंद झाली याची खात्री करा, मगच माणूस चढवा. झाडावर चढणारा एकटा नसावा, खाली दुसरा हवाच.

ताईंनी तोडणाऱ्याला थांबवलंय. रविवारी पत्र्यावरच्या दोन फांद्या काढणार आहोत. ज्यांना हात बसवायचाय त्यांनी शनिवारपर्यंत इथे ‘येतो’ किंवा ‘येते’ लिहा, गाव आणि वेळ कळवतो. स्वतःच्या झाडाबद्दल विचारायचं असेल तर दोन फोटो पाठवा: एक लांबून, घर दिसेल असा, आणि एक बुंध्याचा.