थोड्या पैशांत दिल्लीपर्यंत

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे 'मित्रांबरोबर आग्रा-दिल्ली पाहून येतो' असे मी सांगितले, तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, "पुस्तकात नाही का ते?" प्रश्न साधा होता, पण त्यामागे केळीच्या गाड्या भरून मिळवलेला पैसा होता. तो पैसा वाया जाऊ नये म्हणून आम्ही पाच मित्रांनी सहलीची आखणी कशी केली, ते येथे सांगतो.

आपला देश अफाट आहे. पहिल्या बैठकीत आम्ही जयपूर, वाराणसी, आग्रा, दिल्ली अशी अकरा दिवसांची यादी केली. खर्च माणशी आठ हजारांवर गेला. आमच्यातील एक मित्र सुटीत मजुरी करतो. तो म्हणाला, "तुम्ही जाऊन या, मला पाचच हजार जमतील." त्याला मागे ठेवून जाणे कोणालाच पटेना. म्हणून आम्ही उलटा विचार केला : आधी पाच हजारांची मर्यादा, मग गावे.

रेल्वेचा नकाशा पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या रावेरवरून जाणाऱ्या एकाच लोहमार्गावर बऱ्हाणपूर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा आणि दिल्ली ही शहरे ओळीने आहेत. आडवाटेला जावयाचे नाही, म्हणजे भाडे वाचते आणि दिवसही वाचतात. शिवाय या गावांचा इतिहासही एका धाग्यात गुंफता येतो. मुमताज महल १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात वारली. प्रथम तिचे दफन तेथेच झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. म्हणजे ताजमहालाची कहाणी आमच्या शेजारच्या गावी सुरू होते! राणी लक्ष्मीबाईंची झाशी एप्रिल १८५८ मध्ये पडली आणि जूनमध्ये ग्वाल्हेरला त्यांना वीरमरण आले. आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत असलेला शहाजहान जानेवारी १६६६ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी १२ मे रोजी शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारात उभे राहिले. हे आधी वाचून गेल्यामुळे वाटाड्यास पैसे द्यावे लागले नाहीत.

दुसरी गोष्ट वारांची. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, तर दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी. मंगळवारी निघालो असतो, तर नेमके शुक्रवारी ताजच्या बंद दारासमोर उभे राहिलो असतो. म्हणून शनिवारी निघालो. शनिवारी बऱ्हाणपूर पाहून रात्रीची गाडी, रविवारी झाशी, सोमवारी ग्वाल्हेर, मंगळवारी ताज व आग्र्याचा किल्ला, बुधवारी सुमारे चाळीस किलोमीटरवरील फत्तेपूर सिक्री, गुरुवार-शुक्रवार दिल्ली आणि पुन्हा रात्रीची गाडी. सात रात्रींपैकी दोन गाडीत गेल्या. मुक्कामाचे पैसे फक्त पाच रात्रींचे. मात्र लागोपाठ दोन रात्री गाडीत काढू नयेत. दुसऱ्या दिवशी डोळे पेंगतात आणि किल्ला पाहिल्यासारखा होत नाही.

आरक्षण वेळेवर करावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. ते गणित धरून आम्ही दिवाळीच्या सुटीची तिकिटे काढली. डिसेंबरच्या अखेरीपासून उत्तरेत धुके दाटते व गाड्यांना तासन् तास उशीर होतो. तेव्हा थोड्या दिवसांची सहल त्या काळात आखू नये.

मुक्काम धर्मशाळेत. पहिल्या तीन दिवसांसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि शेव घरून नेली. ताजमहालाचे प्रवेशशुल्क भारतीयांस ५० रुपये असून मुख्य कबरीकडे जाण्यास आणखी २०० रुपये पडतात. आम्ही ५० रुपयांतच समाधान मानले. बागेतून ताज पाहावयास कोणी अडवत नाही. हिशेबाची वही एकाकडेच होती आणि दररोज रात्री ती सर्वांसमोर वाचली जाई. त्यामुळे कुरबूर झाली नाही, आणि परतताना प्रत्येकाच्या हाती दीडशे रुपये उरले.

ही सहल आमची आम्ही काढली. महाविद्यालयामार्फत शैक्षणिक सहल काढल्यास रेल्वेच्या भाड्यात विद्यार्थ्यांना सवलत मिळते. आमच्या प्राध्यापकांनी याचा विचार करावा, अशी नम्र विनंती.

शेवटी वडिलांविषयी. रावेर-सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीस जातात. ती भरण्यात वडिलांची उमर गेली, पण ते स्वतः बऱ्हाणपुराच्या पुढे कधी गेले नाहीत. मी निघताना ते म्हणाले, "ताजमहाल पाहा, पण आपली केळी कुठं जातात तेही पाहून ये." म्हणून शुक्रवारी सकाळी आम्ही दिल्लीच्या आझादपूर मंडईत गेलो. घरी आल्यावर मी ताजमहालाचे वर्णन सुरू केले, तर ते थांबवून म्हणाले, "ते मागून. आधी मंडईचं सांग." ते मला तासभर सांगावे लागले. नंतर त्यांनीच विचारले, "दोघांना किती खर्च येईल रे?" हिशेबाची वही मी जपून ठेवली आहे.