एका गवयाची आवडती तबकडी

कोणत्याही मोठ्या गवयाला "आपणांस कोणीं घडविलें?" असें विचारलें, तर तो कानाची पाळी धरून आपल्या गुरूचें नांव घेतो, आणि तें योग्यच आहे. परंतु पंडित भीमसेन जोशी यांच्या बाबतींत ह्या प्रश्नाचें पहिलें उत्तर माणूस नव्हे, वस्तु आहे. लाखेची, काळी, वीतभरापेक्षां थोडी मोठी अशी ती एक तबकडी. तिच्यावर खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीं गायिलेली झिंझोटी रागांतील 'पिया बिन' ही ठुमरी भरलेली होती. ह्या एवढ्याशा वस्तूनें एका शाळकरी पोराला घराबाहेर कसें काढलें, आणि तिनें त्याला काय दिलें व काय दिलें नाहीं, ह्याचा श्रोतेहो, आज आपण थोडा विचार करूं.

प्रथम तबकडीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण आतां घराघरांतील मुलें खिशांतल्या यंत्रावर हवें तें गाणें हव्या त्या क्षणीं ऐकतात, आणि चावीचा ग्रामोफोन त्यांना जात्याइतकाच अपरिचित झाला आहे. आपल्या देशांत गाणें तबकडीवर उतरविण्यास १९०२ सालीं कलकत्त्यास आरंभ झाला. त्या वेळीं गौहरजान ह्या गायिकेनें गाणें संपतांच आपलें नांव मोठ्यानें सांगितलें, कारण दूर देशीं तबकडी तयार करणाऱ्या कारागिरांना गाणारी कोण हें कळावयास हवें होतें. तबकडी घडवीत ती मुख्यतः लाखेची. झाडाच्या फांदीवर किड्यांनीं केलेली ही लाख आपल्याच रानांतून परदेशीं जाई, आणि सूर होऊन परत येई! एका मिनिटांत सुमारें अठ्ठ्याहत्तर फेरे ह्या गतीनें ती फिरे, आणि एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. पोलादी सुई वरचेवर बदलावी लागे. न बदलली, तर ती सुरांच्या वळ्या खरवडून काढी.

ज्या गायकांना एक विलंबित ख्याल मांडावयास पाऊण तास पुरत नसे, त्यांना ही तीन मिनिटांची कोठडी कशी मानवावी? पुष्कळांना ती मानवली नाहीं. कांहींनीं मुखडा घेऊन लगेच तानांची आतषबाजी केली. अशा तबकड्या आज ऐकतांना, पाहुणा दारांतूनच जेवूनखाऊन घाईनें निघाला, असें वाटतें. अब्दुल करीम खांसाहेबांची गोष्ट निराळी. उत्तरेंतील कैराना गांवीं १८७२ सालीं जन्मलेले हे गवई पुढें मिरजेस स्थायिक झाले. किराणा घराण्याचें सारें लक्ष सुरावर. एकच स्वर लावावा, त्यावर थांबावें, आणि तो आंतून उजळेपर्यंत पुढें सरकूं नये, अशी त्यांची रीत. अशा गायकाला तीन मिनिटांतही दारिद्र्य येत नाहीं, कारण त्याच्या एका स्वरांतच सांगण्यासारखें पुष्कळ असतें. ह्या तबकड्यांत ख्याल आहेत, ठुमऱ्या आहेत, मराठी नाटकांतलीं पदें आहेत, आणि त्यागराजांची एक कृतिही आहे. कर्नाटकी संगीताशीं त्यांचें जें नातें होतें, त्याची ती खूण होय.

झिंझोटी हा राग मुळांत घरगुती स्वभावाचा. खमाज थाटांतला, कोमल निषादाचा. त्याची खरी वस्ती मंद्र सप्तकांत आणि मध्य सप्तकाच्या पूर्वार्धांत. धैवतावरून षड्ज, रिषभ, मध्यम असें चढून तो गांधारावर येऊन विसावतो, आणि पुन्हां खालीं उतरून मंद्र पंचमापर्यंत जातो. खांसाहेबांचा आवाज बारीक, धारदार व अत्यंत गोड. तो ह्या रागांत शिरला कीं ठुमरीचे शब्द जवळजवळ विरून जातात, आणि उरते ती निव्वळ हाक. जो मुलगा हिंदीही नीट जाणत नव्हता, त्याला ती हाक समजली, ह्यांत मला तरी नवल वाटत नाहीं.

तो मुलगा म्हणजे भीमसेन. जन्म ४ फेब्रुवारी १९२२, धारवाडकडील गदग भागांतला. वडील गुरुराज जोशी हे शिक्षक. रस्त्यानें भजन किंवा वाजंत्री चालली कीं हें पोर तिच्या मागें जाई, आणि दमलें कीं वाटेल तेथें झोपी जाई. शेवटीं वडिलांनीं त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असें लिहून ठेवलें होतें, असें सांगतात. मीं स्वतः पस्तीस वर्षें शाळेंत काढलीं असल्यामुळें ह्या गोष्टीवर हंसतांना माझें मन त्या बापाच्या बाजूला जातें. दुसऱ्यांच्या मुलांना वळण लावणाऱ्याच्या घरीं असा वाट चुकणारा मुलगा असणें ही थट्टेची गोष्ट नव्हे. शाळेच्या वाटेवरील दुकानांत ग्रामोफोन वाजे. मुलगा तेथें उभा राही. त्या दिवसांत तबकडी ही शिक्षकाच्या प्राप्तींत सहज बसणारी वस्तु नव्हती. दुकानदाराच्या मर्जीनें जें कानीं पडेल तें गांठीं बांधावयाचें. एकदां 'पिया बिन' कानीं पडली, आणि आपल्याला असें गातां आलें पाहिजे, हा ध्यास त्याला लागला.

१९३३ सालीं, अकराव्या वर्षीं, भीमसेन घर सोडून निघाला. भातावर तूप वाढण्यावरून आईशीं रुसवा झाला, हें त्याचें निमित्त म्हणून सांगतात. तूप हें निमित्त खरें असेल. पण तुपासाठीं रुसलेलीं मुलें रात्रीं जेवावयास परत येतात, हा माझा अनुभव आहे. हा मुलगा विजापूर, पुणें करीत, आगगाडींत गाणीं म्हणून उतारूंकडून पोटापुरतें मिळवीत थेट ग्वाल्हेरीस पोंचला. तेथें कांहीं काळ शिक्षण घेतलें. मग उत्तरेंत दिल्ली, कलकत्ता, लखनौ, रामपूर अशी भटकंती झाली, आणि अखेर तो जालंदरला राहिला. तेथें पंडित विनायकराव पटवर्धन भेटले. त्यांनीं सांगितलें कीं, तुझ्या घराजवळच कुंदगोळला रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, राहतात, त्यांच्याकडे जा. हे सवाई गंधर्व अब्दुल करीम खांसाहेबांचेच शिष्य! ज्या आवाजाच्या मागें पोर अर्धा हिंदुस्थान पालथा घालून आलें, त्याची विद्या घराशेजारच्या गांवांत नांदत होती. वडिलांनीं शोधून घरीं आणल्यावर १९३६ सालीं तो त्यांच्याकडे शिकूं लागला.

येथें तबकडीचें कार्य संपलें, असें माझें मत आहे. तबकडी ऐकवते, ऐकत नाहीं. शिष्याचा षड्ज किंचित् उतरला, तर ती त्याला थांबवीत नाहीं. गुरु थांबवितो, आणि तोच स्वर पुनःपुन्हां घोटावयास लावतो. कुंदगोळच्या घरीं पाणी भरणें, पडतील तीं कामें करणें आणि वर्षानुवर्षें रियाज करणें हा क्रम होता. दुकानाच्या दारांत तीन मिनिटांत जें घडलें तें आकर्षण. पुढें वर्षांत घडलें तें शिक्षण. दुसरें पहिल्यावांचून झालें नसतें, हेंही तितकेंच खरें.

ह्या मताला एक अडचण आहे, ती झांकून ठेवणें बरें नाहीं. बेळगांवजवळच्या सुळेभावी गांवीं १९२४ सालीं जन्मलेल्या कुमार गंधर्वांनीं लहानपणीं थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा, हरकती व जागा यांसकट म्हणून दाखविल्या, आणि मोठमोठे जाणते थक्क झाले. मग तबकडी गुरु कां नव्हे? परंतु पुढें त्यांच्याही वडिलांनीं त्यांना मुंबईस प्रोफेसर देवधर यांच्याकडे शिकावयास ठेवलें. नक्कल पूर्ण होती म्हणूनच तिच्या बाहेर पडण्यास गुरूची गरज लागली, असा मी त्याचा अर्थ लावतों. कोणाला हें पटणार नाहीं; न पटो.

खांसाहेब १९३७ सालीं मद्रासकडे प्रवासांत असतांना रेल्वेच्या एका स्थानकावर निवर्तले. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यांत दफन करण्यांत आला. भीमसेन १९४३ सालीं मुंबईस जाऊन नभोवाणीवर गाऊं लागले, आणि पुढें त्यांच्याही ध्वनिमुद्रिका निघाल्या. ज्या मुलाला दुकानाबाहेर उभें राहून ऐकावें लागलें, त्याचा आवाज आतां अन्य मुलांनीं दुकानाबाहेर उभें राहून ऐकला असेल. १९५३ सालीं गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यांत सुरू झालेला संगीतमहोत्सव त्यांनीं आयुष्यभर सांभाळला. २०११ च्या जानेवारींत ते गेले.

ज्यांना ही गोष्ट कानांनीं पडताळून पाहावयाची असेल, त्यांनीं दोघांचीही 'जमुना के तीर' ही भैरवी एकापाठोपाठ ऐकावी. खांसाहेबांची तीन मिनिटांतली आधीं लावावी, आणि तीही शक्य तर खरखर न काढलेली. मग भीमसेनांची, लांबवर फुललेली. दुसरींत आवाज भरदार, छाती मोठी, ताना जोरकस. शिष्यानें गुरूच्या गुरूची नक्कल केलेली नाहीं. तरी स्वरावर थांबण्याची एक जागा अशी येते कीं दोन्ही तबकड्या क्षणभर एकच वाटतात. ती जागा कोणती, हें मी सांगत नाहीं; ऐकणाऱ्यास ती सांपडते.