दूध पुरते की नाही?

“डॉक्टर, दूध पुरत नाही. वरचे सुरू करू का?” बाळ महिन्याचे होण्याआधीच अनेक पहिलटकरणी मला हे विचारतात. कारण एकच, बाळ रडते.

दर वेळचे रडणे भुकेचे नसते. ओले दुपटे, उकाडा, झोप किंवा नुसती आईची ओढ यांसाठीही बाळ रडते. साधारण ६ आठवड्यांपर्यंत संध्याकाळचे रडणे वाढते, ३-४ महिन्यांत आपोआप कमी होते.

दुधाचा हिशेब लघवीवरून करावा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत ६ किंवा अधिक वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते. जन्मानंतर वजन थोडे घटते, ते बहुधा २ आठवड्यांत भरून येते.

बाटली दिली की बाळ अंगावर कमी ओढते. जितके ओढणे कमी, तितके दूध कमी. शिवाय अस्वच्छ बाटलीने जुलाब होतात. म्हणून ६ महिने पाणी, मध, गुटी काही नको. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब-औषध तेवढे द्यावे.

मात्र पहिल्या २ महिन्यांत बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग तापले वा गार पडले, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाला, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा झटका आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. “हिला दूधच नाही,” असे बाळंतिणीसमोर म्हणू नका. धास्तीने पान्हा अडतो.