आधी श्वास मोजा

न्यूमोनियाची पहिली तपासणी घरीच होते. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छाती आत ओढली जात असेल, तर थेट नागपुरातलं मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठा. नागपुरात शिकलेल्या डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत हीच मोजणी गावातल्या आरोग्यसेवकांच्या हाती दिली.

एक्स-रेमध्ये डाग दिसतो, जंतू ठरत नाही. म्हणून खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल, तर क्षयरोगासाठी थुंकीची सीबीनॅट तपासणी हवीच. पावसाळ्यात तापासोबत अंगावर काळी खपली दिसली, तर स्क्रब टायफसची शंका घ्या. २०१८ मध्ये नागपूर विभागात त्याची साथ होती, आणि तो फुप्फुसांतही उतरतो.